साडेआठशे अंक, एक खोली आणि १९८६ चा तो गठ्ठा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे गृहस्थ बेळगावच्या शहापूर भागात राहतात, वय त्रेचाळीस, उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर'चे अंक सापडले तिथनं नाद लागला. गेली बारा वर्षं शनिवारचा बाजार, रद्दीची दुकानं, निपाणी, कोल्हापूर असं फिरून साडेआठशे अंक जमवलेत. आता पुतण्याचं लग्न ठरलंय आणि भावाला ती खोली पाहिजे. पुण्याचा एक खरेदीदार सगळ्याचे मिळून साठ हजार देतो म्हणतोय. आणखी एक गोष्ट त्यांना खाते आहे. बायको गोकाककडची, माहेर कन्नड. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना तिच्या हाताला १९८६ च्या साप्ताहिकांचा गठ्ठा लागला. त्यात कन्नड माणसांवर वाईट व्यंगचित्रं, वाईट मजकूर. ती काही बोलली नाही, पण तेव्हापासनं त्या खोलीत पाय ठेवत नाही. मुलगी नववीत, इंग्लिश मीडियम, मराठी अडखळत वाचते. ते विचारतात: विकून टाकू का? तो गठ्ठा जाळू का? वाचनालयाला देऊ का? आणि शेवटी एक ओळ, "मी हे कशासाठी गोळा करतोय तेच आता कळेना."

दादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं उत्तर सोपं आहे, विकू नका, बास. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं तेव्हा दिसलं की "आपला इतिहास जपतोय" हे वाक्य तुम्ही चार पानांत तीनदा लिहिलंय, आणि कुठला अंक आवडतो, का आवडतो, हे एकदाही नाही. चांदोबा किती, दिवाळी अंक किती, कुठला कितीला मिळाला, कुठल्या रद्दीवाल्यानं कसं फसवलं, सगळं आलंय. आतलं काहीच आलं नाही. एके ठिकाणी म्हणता, "सगळे चाळलेत." चाळलेत म्हणजे वाचले नाहीत. राग मानू नका, मी स्वतः त्यातलीच आहे, माझ्याकडे काही अंक असे आहेत की आणले त्या दिवशी पिशवीतनं काढले ते कपाटातच.

आधी तो 'आपला' शब्द बघू या. जुने अंक म्हणजे त्या काळाची खिडकी असं तुम्ही लिहिलंय. ठीक आहे की, पण खिडकी कुठल्या घराची? तुमची यादी बघा. 'सत्यकथा', 'आवाज' मुंबईचे. 'माणूस', 'साधना', 'सोबत' पुण्याचे. या खिडकीतनं दिसतं ते गिरगावातलं नाहीतर सदाशिव पेठेतलं घर, त्यांचे जागेचे प्रश्न, त्यांची नाटकं, त्यांच्या सुनांचे नोकरीचे वाद. वाचणारं घरही वर्गणी परवडणारं. निपाणीत विड्या वळणारी बाई त्यात भेटली तर कुणीतरी तिच्याबद्दल लिहिलेल्या लेखात भेटते, तिची सही असलेला मजकूर क्वचित. हा काय अंकांचा दोष नाही. पण "त्या काळातली माणसं असा विचार करायची" असं आपण पटकन म्हणतो ना, तिथं थांबायचं आणि विचारायचं, कुठली माणसं? आणि छापलेलं सगळं लोकांना पटलेलंच असायचं असंही नाही, म्हणून तर पुढच्या अंकात तावातावानं पत्रं यायची. लेखाआधी वाचकांचा पत्रव्यवहार वाचायची सवय लावून घ्या, मला तर कधीकधी लेखापेक्षा तोच जास्त खरा वाटतो.

तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत नेमके किर्लोस्करांचेच अंक निघाले याची मला मात्र गंमत वाटली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान १८८८ ला आपल्याच गावात सुरू झालं, कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर इथंच करायला लागले, मग नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितली आणि औंधच्या राजांनी जागा दिली म्हणून १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथनं शंकरराव किर्लोस्करांनी १९२० ला 'किर्लोस्कर खबर' काढलं, म्हणजे खरंतर कारखान्याचंच पत्रक, त्याचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० ला 'स्त्री' आलं, १९३४ ला 'मनोहर'. ती जागा सोडावी लागली नसती तर 'स्त्री'च्या अंकावर कदाचित बेळगावचा पत्ता छापला असता. तुम्ही फौंड्रीत काम करता, तुमचे आजोबा कुठं कामाला होते हे पत्रात नाही, पण नांगराच्या जाहिरातीचं पान तुम्ही आमच्यापेक्षा वेगळ्या नजरेनं बघू शकता. कुठला भाग ओतीव, कुठला घडीव, हे आमच्यासारख्याला काय कळणार. असं एक पान घेऊन त्यावर चार ओळी लिहून काढा. "कशासाठी गोळा करतोय" याचं उत्तर मी देण्यापेक्षा ते पान जास्त बरं देईल.

आता अंक वाचायचे म्हणजे कसे, ते सांगते, कारण हा प्रश्न इतरही बऱ्याच जणांनी विचारलाय. संपादकीय आणि मोठे लेख पुस्तकांतनं परत छापलेले असतात, ते कुठंही मिळतात. जे परत कध्धी छापलं जात नाही ते वाचा. जाहिराती, किंमत, पत्ते, शब्दकोड्याच्या विजेत्यांची यादी, "उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट पाठवा" असल्या सूचना. आपलं बेळगाव या मासिकांत असं कडेकडेनं येतं.

एक खेळ सांगते, माझा आवडता. मुखपृष्ठ फाटलेला, तारीख नसलेला अंक हातात आला की मी आधी किंमत बघते. आण्यात असेल तर बहुतेक एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नये पैसे असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४ मधला, कारण जून १९६४ पासनं 'नये' गेलं आणि नुसते पैसे राहिले. मग बघायचं पत्ते. बेळगावच्या एखाद्या दुकानाची, कापडाची म्हणा, औषधाची म्हणा, जाहिरात सापडली की खाली राज्य कुठलं लिहिलंय ते बघा. मुंबई इलाखा असेल तर स्वातंत्र्याच्या आगेमागे किंवा त्याआधीचा. मुंबई राज्य असेल तर १९५६ च्या आधीचा. १ नोव्हेंबर १९५६ नंतर तेच दुकान, तीच गल्ली, पण पत्ता म्हैसूर राज्य. १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचं नाव बदललं, मग कर्नाटक. शिवाय पिनकोड आले १५ ऑगस्ट १९७२ ला. तेव्हा 'म्हैसूर राज्य' पण आहे आणि ५९०००१ पण आहे असा पत्ता मिळाला तर तो अंक जेमतेम सव्वा वर्षाच्या फटीतला. (सगळे दुकानदार लगेच ब्लॉक बदलत नसत, जुनाच ठसा दोन-तीन वर्षं वापरत, त्यामुळं एकाच खुणेवर पैज लावू नका. मी लावली होती, हरले.)

या पत्त्यांत मला जे सापडतं ते सीमाप्रश्नावरच्या कुठल्याही भाषणात सापडलं नाही. दुकान जागचं हललं नाही, मालक हलला नाही, काऊंटर तोच असणार, आणि माथ्यावरचं राज्य मात्र आयुष्यात तीन-चारदा बदललं. हे कुणी लेख म्हणून लिहिलेलं नाही, जाहिरातीच्या तळाला बारीक टायपात पडलंय.

तसंच १९४६ चं. मे महिन्यात बेळगावात साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. आज आपण ती केवढी मोठी घटना म्हणून सांगतो. त्या उन्हाळ्यातला एखादा अंक तुमच्याकडे असेल तर काढून बघा, त्या मासिकाला ती केवढी वाटली होती. मासिक आधी महिनाभर छापखान्यात असतं, म्हणून मे मध्ये हुडकू नका, जून-जुलैत हुडका. आणि काहीच सापडलं नाही, नुसतं लोणच्याचं आणि विणकामाचं पान सापडलं, तर तेही लिहून ठेवा. आणीबाणीचंही तेच. मे ७५ चा, ऑगस्ट ७५ चा आणि एप्रिल ७७ चा, एकाच साप्ताहिकाचे तीन अंक शेजारी शेजारी मांडा. सेन्सॉरशिप म्हणजे काय ते मधल्या अंकात काय नाही यावरनं कळतं.

बरं. आता त्या गठ्ठ्याकडे येऊ, कारण पत्रातलं खरं दुखणं तिथं आहे, खोलीचं निमित्त.

आधी विचारते, वैनींना तुम्ही विचारलंत का? पत्रात "तिला वाईट वाटलं असणार" असं आहे, "ती म्हणाली" असं कुठं नाही. दिवाळीला किती महिने झाले. वाईट वाटलंच असेल, मी नाही म्हणत नाही. पण कदाचित चित्राचं वाटलं नसेल, तुम्ही ते पैसे देऊन आणलं, उचलून जपून ठेवलं, याचं वाटलं असेल. कदाचित बारा वर्षं प्रत्येक रविवार त्या खोलीत गेला याचं असेल. कदाचित धुळीनं शिंका येत असतील हो! तुम्ही न विचारता गठ्ठा जाळलात तर त्यांना काय कळणार? एवढंच, की नवऱ्यानं काहीतरी लपवलं.

८६ ला मी कॉलेजात होते. कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन, जूनमधला गोळीबार, माणसं गेली, आजही दर १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर लोक जमतात. त्या दिवसांत जे छापलं गेलं ते तापलेल्या डोक्यानं छापलेलं आहे, रागाला कारण होतं, आणि त्या रागात शेजाऱ्याच्या जातीवर, जेवणावर, बोलण्यावर जे लिहिलं गेलं त्याला कारण नव्हतं. दोन्ही खरं आहे. आमच्या घरी तोवर दर आठवड्याला 'सुधा' यायचं, बंगळूरचं कन्नड साप्ताहिक, आई त्यातल्या क्रमशः कादंबऱ्यांसाठी घ्यायची. आई शिकली मराठीत पण बालपण सौंदत्तीला, कन्नड झर्रकन वाचायची. त्या जूनमध्ये वडलांनी पेपरवाल्या पोराला सांगितलं, ते उद्यापासनं टाकू नको. आई काही बोलली नाही. गणपती झाल्यावर एक दिवस 'सुधा' परत दाराखालनं आत आलं. बिल वेगळं यायला लागलं, आईच्या नावानं, भाजीच्या पैशातनं ती द्यायची. वडलांनी ते दोन्ही कागद बघितले आणि परत कधी विषय निघाला नाही. मधल्या तेरा-चौदा अंकांतली गोष्ट मात्र तिला शेवटपर्यंत कळली नाही, ते ती म्हातारपणी पण सांगायची.

म्हणून जाळू नका. जाळलं तर एवढंच होईल की असं कुणी छापलंच नव्हतं असं पुढच्या पिढीला सांगायला आपण मोकळे. पण ते उघड्यावर, येता-जाता हाताला लागेल असंही ठेवू नका. एका फाईलबॉक्समध्ये घाला, वर चिठ्ठी लावा, काय आहे, कधीचं आहे, आणि "यातला काही मजकूर अपमानकारक आहे" असं साध्या मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड चिठ्ठी वैनींच्या अक्षरात असेल तर उत्तम, पण त्यांची इच्छा असेल तर. त्या व्यंगचित्रकाराच्या वतीनं तुम्ही माफी मागत बसू नका, ते तुम्ही काढलेलं नाही. तुम्ही एवढंच सांगा, हे मी का ठेवलंय. आणि सांगता येत नसेल, "मिळालं म्हणून ठेवलं" एवढंच उत्तर असेल, तर तेही खरं सांगा.

आणि त्या गठ्ठ्याच्या शेजारी दुसरा गठ्ठा पाहिजे. त्याच वर्षांतली कन्नड साप्ताहिकं. तिकडच्या व्यंगचित्रांत आपण कसे दिसत होतो ते बघायला नको का? ते काय फार गोड असेल असं समजू नका. हुबळीचं 'कस्तूरी' मासिक १९५६ पासनं निघतंय, म्हणजे ज्या वर्षी आपण म्हैसूर राज्यात गेलो त्याच वर्षी, त्याचे जुने अंक हुबळी-धारवाडच्या रद्दीत हुडकले तर मिळतात. गोकाकला सासरवाडीच्या माळ्यावर काय काय आहे ते कधी विचारलंय? तुम्ही बारा वर्षं कोल्हापूरपर्यंत फिरलात, घटप्रभा नदीच्या पलीकडं एकदा तरी रद्दीवाल्याकडं गेलात का? सीमाभागाचा संग्रह म्हणायचा आणि एकाच भाषेचा ठेवायचा, मग तो अर्धाच झाला की. कवी द. रा. बेंद्रे बघा, घरात मराठी आणि कविता कन्नडमधनं, ज्ञानपीठ मिळालं त्याच भाषेत. आपल्याकडच्या घरांचं असंच आहे, कागदावर मात्र दोन वेगळी कपाटं.

मुलीचंही इथंच जमेल. तिला 'सत्यकथा' देऊ नका, पळून जाईल. तुमच्याकडे साठ-सत्तर चांदोबा आहेत म्हणता. तेच मासिक कन्नडमध्ये 'चंदमामा' म्हणून निघायचं, मद्रासच्या एकाच छापखान्यातनं, चित्रं तीच, भाषा वेगळी. विक्रम तोच, खांद्यावरचं वेताळ तेच, कन्नडमध्ये त्याचा बेताळ होतो. एकाच महिन्याचे दोन अंक मिळवा, चित्राचं पान समोरासमोर उघडा, एक परिच्छेद तुम्ही वाचा, तोच वैनी कन्नडमधनं वाचतील, पोरगी मध्ये बसेल. ती अडखळली तर दुरुस्त करू नका. चित्रावरनं अंदाज बांधू द्या.

आता पैशाचं आणि खोलीचं. पुण्याच्या त्या गृहस्थांना फोन करून एकच विचारा, अंक अखंड विकता की सुटी पानं? जुन्या जाहिराती आणि मुखपृष्ठं कापून फ्रेम करून विकायचा धंदा जोरात आहे, दिवाणखान्यात लावायला लोक घेतात. अफगाण स्नो क्रीमच्या जाहिरातीतली बाई भिंतीवर जाते आणि बाकीचा अंक लगद्याला. त्यांचा व्यवसाय आहे, गुन्हा नाही, पण तुम्हाला चालणार आहे का ते ठरवा. शिवाय "सगळ्याचे साठ हजार" म्हणजे त्यांनी मनात शंभर-दीडशे अंक हेरलेत आणि बाकीचे फुकट धरलेत. रंगीत दिवाळी अंक, सिनेमाचे, चांदोबा, एवढ्यालाच बाजार आहे. म्हणजे तुमच्या दृष्टीनं जे सगळ्यात कमी कामाचे, कारण बऱ्याच जणांकडे आहेत, तेच त्यांच्या दृष्टीनं भारी. हे तुमच्या फायद्याचं आहे! दोन-दोन प्रती असलेले, जिल्ह्याशी काही संबंध नसलेले, आणि जे तुम्ही खरोखर परत उघडणार नाही असे, वेगळे काढा, अडीचशे-तीनशे सहज निघतील, ते सुटे भावानं विका. सगळा संच पूर्ण पाहिजे हा हट्ट सोडा. पूर्ण संच करायला मोठी ग्रंथालयं आहेत, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठं आहेत. त्यांच्याकडे नसणार ते ठेवा. गावच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, शाळेचा हस्तलिखित वार्षिकांक, नाटक कंपनीची हँडबिलं, कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा या आपल्या गावांतल्या साहित्य संमेलनांच्या पत्रिका. हे पुण्याचा माणूस घेणार नाही, आणि तुम्ही टाकलंत की जगातनंच गेलं. एवढं उरलं की दोन लोखंडी कपाटं पुरतात, पुतण्याला खोली द्या बिचाऱ्याला, लग्न करून आलेली मुलगी 'मनोहर'च्या गठ्ठ्यावर झोपणार आहे का?

वाचनालयाला देण्याबद्दल. मी आईच्या 'स्त्री'चे बांधलेले बावीस खंड एका वाचनालयाला दिले होते, नाव सांगत नाही. चहा झाला, शाल झाली, फोटो झाला. चार वर्षांनी शनिवारच्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या प्लॅस्टिकवर त्यातला एक दिसला, पहिल्या पानावर त्यांचा गोल शिक्का आणि त्याच्याखाली आईची सही. तीस रुपयांना परत आणला. बाकी एकवीस कुठं गेले माहीत नाही. तेव्हा देताना तीन गोष्टी विचारा आणि लेखी घ्या: दाखल रजिस्टरमध्ये नोंद होणार का, बाहेरचा माणूस आला तर बसून वाचायला मिळणार का, आणि नको झाले तर रद्दीत घालायच्या आधी तुम्हाला कळवणार का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला तर शाल घेऊ नका.

स्कॅनिंग करा म्हणून सगळे सांगतील, मीही सांगते, पण साडेआठशे अंक पानोपानी स्कॅन करायला बसलात तर तीन अंकांत कंटाळाल. आधी नुसती यादी. एक्सेलमध्ये नाव, महिना, साल, कुठनं मिळाला, आणि शेवटचा रकाना 'बेळगाव' म्हणून, त्यात या भागातलं जे काही सापडेल ते पान नंबरासकट. मग फक्त त्या पानांचे मोबाईलवर फोटो, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद. अख्खे अंक नेटवर टाकायची घाई करू नका, लेखक वारल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो, आणि एका अंकात वीस लेखक असतात. स्वतःच्या अभ्यासाला काढलेल्या फोटोंना कुणी काही म्हणणार नाही.

आणि कागद. हा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, तो पिवळा पडतो, कडा तुटतात, त्याला इलाज नाही, फक्त वेग कमी करता येतो. गंजलेल्या पिना हळूच काढा आणि सुती दोरा घाला. सेलोटेप अजिबात नको, दहा वर्षांत त्याचा तपकिरी डाग उठतो. लॅमिनेशन तर त्याहून नको, मी एका १९४० सालच्या मुखपृष्ठाचं हौसेनं लॅमिनेशन करून आणलं, आता ते प्लॅस्टिकच्या आत चॉकलेटी होत चाललंय आणि काढायला गेलं तर पानच निघतं. उन्हात वाळवू नका, सावलीत वारा द्या. कपाट भिंतीपासनं चार बोटं पुढं. डांबरगोळ्यांचा मारा झोपायच्या खोलीत नको, महिन्यातनं एकदा अंक हाताळले की कसर आपोआप कमी होते, त्यातनं वाचूनही होईल.

शेवटचं, येळ्ळूरला किंवा कडोलीला पुढच्या संमेलनात टेबल मागून बघा. 'दुर्मिळ मासिकांचं प्रदर्शन' असं नको, लोक चहाचा कप त्यावरच ठेवतात. मूळ अंक घरी ठेवा, झेरॉक्स न्या. एकाच दुकानाच्या नाहीतर एकाच गल्लीच्या पत्त्याच्या जाहिराती, मुंबई इलाख्यापासनं कर्नाटकापर्यंत, मोठ्या करून एका ओळीत लावा, खाली फक्त साल. समजावून सांगायला वैनींना बरोबर घेऊन गेलात तर दोन्हीकडची माणसं थांबतील. अर्थात त्यांना आधी विचारा.

पत्रात लिहिलंय खालच्या दोन पेट्या फरशीवर आहेत. शहापूरची जुनी घरं, खालनं ओल चढते. मृग लागायच्या आत त्या तेवढ्या उचलून पाटावर ठेवा, बाकीचं सावकाश करा.